थंड सकाळी सेल्फ फिरतो पण डिझेल गाडी सुरू होत नाही: हीटर प्लग बदलण्याआधी काय तपासाल

तुमच्या गाडीची लक्षणं अशी: थंडीत सकाळी सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही. तीन-चार वेळा सेल्फ मारल्यावर खडखडत, पांढरा धूर सोडत सुरू होतं आणि मिनिटभरात सुरळीत चालतं. दुपारी मात्र किल्ली फिरवताच सुरू. बॅटरी नवी टाकून झाली, आता गॅरेजवाला चारही हीटर प्लग (गार इंजिनात सिलिंडरमधली हवा तापवणारे विजेचे प्लग) बदला म्हणतोय.

त्याचं म्हणणं बरोबर निघेलही. पण प्लग खोलायच्या आधी एक सकाळ तपासणीला द्या, आणि ती गाडी रात्रभर उभी राहिल्यावरच करा. एकदा इंजिन चालू होऊन गेलं की दोष लपतो. गॅरेजपर्यंत चालवत नेलेली गाडी तिथे झटकन सुरू होणारच, मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. बॅटरीही बहुधा अशीच अंदाजाने बदलली गेली.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा १५ ते २० पट दाबली की तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल पेटतं. गार इंजिनात ती उष्णता सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टन ओढून घेतात. त्यात सेल्फ मंद असला तर हवेला पिस्टनच्या रिंगांतून निसटायलाही जास्त वेळ मिळतो. म्हणून आधी दोनच गोष्टी पाहायच्या: सेल्फ किती जोरात फिरतोय आणि फिरताना सायलेन्सरमधून धूर येतोय का.

वेग कानाने कळला नाही तर स्कॅनर (गाडीच्या कम्प्युटरला जोडून आकडे दाखवणारं यंत्र) लावा. १५० आरपीएमच्या खाली असेल तर बाकी सगळं सोडून विजेकडे वळा. नवी बॅटरी म्हणजे भरलेली बॅटरी नव्हे. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. सेल्फ फिरताना टर्मिनलवर ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी कमी पडतेय. १०.५ दाखवूनही सेल्फ रेंगाळत असेल तर दोष केबलमध्ये किंवा सेल्फच्या मोटरमध्ये. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर (क्लॅम्पवर नाही, शिशावर), दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवा आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर केबल किंवा जोड खराब. तसंच निगेटिव्ह खुंट ते इंजिनचा उघडा धातू, इथे ०.३ च्या वर नको. अर्थिंगचा संशय असेल तर जंप केबलने बॅटरीचं निगेटिव्ह थेट इंजिनला जोडून पाहा. सेल्फ एकदम तेज झाला तर अर्थिंगची पट्टी बदला. पुस्तकात ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ऑइल भरलं असेल, तरीही सेल्फ असाच जड जातो.

आता धूर. सेल्फ फिरताना पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय, पेटत नाहीये. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाहीये आणि हीटर प्लग बदलून काहीही होणार नाही. तुमच्या गाडीचा धूर सुरू झाल्यावर दिसतो. त्याआधी नुसता सेल्फ फिरत असताना येतो का, हे कुणाला तरी मागे उभं करून पाहायला सांगा. वर सांगितलेल्या लक्षणांत नसलेली माहिती हीच आहे.

धूर येत असेल तर हीटर प्लगवर संशय योग्य. मिनिटभर खडखड आणि मग सुरळीत, हे एक-दोन प्लग मेल्याचं ओळखीचं लक्षण आहे. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझला म्हणजे प्लग तापले असं समजू नका. बऱ्याच गाड्यांत तो दिवा तापमान पाहून ठरलेल्या वेळेपुरताच लागतो. सोपी चाचणी अशी: किल्ली ऑन करा, दिवा विझू द्या, ऑफ करा, असं दोनदा करून मग सेल्फ मारा. स्पष्ट फरक पडला तर हीटर प्लगच्या सर्किटमध्येच शोधा.

सर्किट तपासताना आधी पुरवठा. किल्ली ऑन असताना जुन्या १२ व्होल्टच्या प्लगच्या टोकाशी ११ च्या आसपास यायला हवं. शून्य आलं तर मोठा फ्यूज आणि रिले पाहा, प्लग बिचारे निर्दोष असतील. मग रेझिस्टन्स: प्लगची वायर काढून टोक ते इंजिन, साधारण अर्धा ते दोन ओहम. मीटरच्या पिना एकमेकींना लावून जे दिसतं ते वजा करा, नाहीतर आकडा फसवतो. चारही प्लग एकाच धातूच्या पट्टीने जोडलेले असतील तर पट्टी काढल्याशिवाय मोजू नका, कारण जिवंत प्लग मेलेल्याला झाकतात. क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) असेल तर काहीच खोलावं लागत नाही. मुख्य वायरला लावा, चारही प्लगांचा करंट सुरुवातीला जोरात चढून मग उतरतो. एक मेलेला असेल तर पाव हिस्सा कमी दिसतो.

एक सावधगिरी. नव्या इंजिनांत ४ ते ७ व्होल्टचे प्लग असतात आणि ईसीयू (इंजिनचा कम्प्युटर) त्यांना वीज तुकड्यातुकड्यांनी देतो. त्यांना बॅटरीवर थेट लावून तपासलं तर काही सेकंदांत जळतात. प्लगच्या अंगावर व्होल्ट छापलेले असतात, ते आधी वाचा.

प्लग काढायची वेळ आली तर घाई करू नका. आदल्या दिवशी गंज सोडवणारं ऑइल टाका, इंजिन गरम करा आणि टॉर्क पान्याने (किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या) हळूहळू सोडवा. एम८ (८ मिमी) आट्यांचा प्लग २० न्यूटन-मीटरच्या आसपास, एम१० चा ३५ च्या आसपास मोडू शकतो. हेडमध्ये मोडला की काम एका दिवसाचं राहत नाही. जोर वाढवावा लागतोय असं वाटलं की थांबा, घट्ट करा, परत सोडवा. बसवताना एम८ साठी १० न्यूटन-मीटरच्या आत पुरे.

प्लग, फ्यूज, रिले सगळं ठीक आणि तरी प्लगना वीज मिळत नाही? कूलंटचा तापमान सेन्सर पाहा. याच्याकडे कुणी बघत नाही. सकाळी किल्ली ऑन करून स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान ताडून पाहा, तीन-चार अंशांचा फरक चालतो. कूलंट ६० दाखवत असेल तर ईसीयूच्या मते इंजिन गरम आहे, मग तो प्लग तापवेलच कशाला? तेही ठीक निघालं तर शेवटी कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) मोजा. सिलिंडरांमध्ये तीन-चार बारपेक्षा जास्त तफावत असेल तर रोग मोठा आहे.

धूर नसेल तर डिझेलचा माग काढा. कॉमन रेल इंजिनात (ज्यात सगळ्या सिलिंडरांचं डिझेल एकाच नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबाखाली साठतं) रेलचा दाब साधारण २०० ते २५० बार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर (डिझेल फवारणारे भाग) उघडत नाही. स्कॅनरवर दाब दहा सेकंद रेंगाळत चढत असेल तर लाइनने एअर धरली असण्याची शक्यता सर्वात जास्त. हाताचा प्रायमर (लाइनमध्ये डिझेल भरायचा हातपंप) असेल तर सकाळी सेल्फ मारण्याआधी तो कडक होईपर्यंत दाबा. मग गाडी लगेच सुरू झाली तर रात्री डिझेल टाकीकडे उतरतंय. फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग, पाणी काढायचा स्क्रू, रबरी नळ्यांचे क्लॅम्प, याच क्रमाने पाहा. जुनं रबर थंडीत आकसून ताठ होतं, म्हणून अशी गळती दुपारी सापडत नाही. पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

इंजेक्टर बदला असं कुणी सुचवलं तर थांबवा. रिटर्नला गळणारे (डिझेल परतीच्या नळीत सोडणारे) इंजेक्टर बहुधा गरम इंजिनात जास्त त्रास देतात, कारण गरम डिझेल पातळ असतं. तुमची गाडी दुपारी झटकन सुरू होते.

तापमान शून्याखाली जात असेल तर डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतं. पण तेव्हा गाडी बऱ्याचदा सुरू होते आणि मिनिट-दोन मिनिटांत बंद पडते. तुमच्या गाडीचं उलट आहे: ती कष्टाने सुरू होते, पण मग सुरळीत चालते. गोठू नये म्हणून घालायचं औषध मेण धरायच्या आधीच उपयोगी. फिल्टरवर गरम पाण्याचं फडकं चालेल, ज्योत नको. टाकीत पेट्रोल तर अजिबात नको.

दोष सापडेपर्यंत सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. हवेच्या नळीत स्टार्टिंग स्प्रे कुणालाही मारू देऊ नका. तापलेल्या हीटर प्लगवर स्प्रेमधलं ईथर वेळेआधी भडकतं आणि पिस्टनच्या रिंगा तुटतात.