तेरीज जुळली, तरी नफा का जुळत नाही?

वाचकांचे प्रश्न : छोट्या व्यवसायाचे हिशेब

प्रश्न : मी गेल्या एप्रिलपासून घरगुती कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय करते. जीएसटी नोंदणी नाही. रोजकीर्द (रोजच्या नोंदींची वही) आणि खतावणी (खातेवार वही) स्वतः लिहिते. 31 मार्चची तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांची यादी, जुळली, पण 9,20,000 रुपयांच्या विक्रीवर 30,000 रुपये तोटा दिसतो आहे. खरेदी 7,10,000 आणि इतर खर्च 2,40,000 रुपये आहे. हातात पैसा खेळता असताना हा तोटा आला कुठून? (एक वाचक भगिनी, कराड)

उत्तर : आपण वर्षभर वह्या नियमित लिहिल्या आणि सोबत खात्यांचे उतारेही पाठवले, म्हणूनच या प्रश्नाचे नेमके उत्तर देता येते. तेरीज जुळणे याचा अर्थ एवढाच की प्रत्येक नोंदीची नावे (डेबिट) बाजू आणि जमा (क्रेडिट) बाजू सारख्या रकमेची आहे. नोंद योग्य खात्यात गेली की नाही, किंवा जी व्हायला हवी होती ती झाली की नाही, हे तेरीज सांगत नाही. आपल्या वहीत चुकीच्या खात्यात गेलेली नोंद एक आहे, आणि न झालेल्या नोंदी पाच आहेत.

सर्वांत मोठी उणीव शिल्लक मालाची आहे. मसाल्याच्या व्यवसायात फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची पोत्यांनी भरून ठेवावी लागते, कारण खरा हंगाम पुढे उन्हाळ्यात असतो. ती सारी खरेदी या वर्षाच्या खर्चात पडली, पण तिच्यातून होणारी विक्री पुढच्या वर्षात दिसणार आहे. आपण 31 मार्चला मोजलेली मिरची, धणे, खोबरे आणि तयार मसाला मिळून 1,40,000 रुपयांचा आहे. म्हणून अखेरचा माल खाते नावे आणि व्यापार खाते जमा, अशी 1,40,000 रुपयांची नोंद करावी. किंमत लावताना विक्रीचा भाव धरू नये. माल घ्यायला किंवा तयार करायला पडलेली किंमत आणि बाजारात सुटू शकणारी किंमत यांपैकी जी कमी असेल तीच धरावी. जुन्या मिरचीचा रंग उतरला असेल, तर हा नियम विशेष लक्षात ठेवावा.

दुसरी बाब कांडप यंत्राची. 15 डिसेंबरला घेतलेले 60,000 रुपयांचे यंत्र आपण खरेदी खात्यात लिहिले आहे. खरेदी खाते फक्त विकण्यासाठी, किंवा ज्यापासून विक्रीचा माल तयार होतो त्यासाठी, घेतलेल्या मालाचे असते. यंत्र अनेक वर्षे चालणार आहे, तेव्हा यंत्र खाते नावे, खरेदी खाते जमा, 60,000 रुपये, ही दुरुस्तीची नोंद करावी. वाहतूक, बसवणूक आणि भरलेला जीएसटी या रकमेत धरला आहे, ते योग्यच आहे, कारण नोंदणी नसल्याने तो कर आपल्याला परत मिळणार नाही. त्यानंतर घसारा, म्हणजे वापरामुळे यंत्राच्या किमतीत होणारी घट, काढावा. आयकराच्या नियमांनुसार यंत्रसामग्रीचा सर्वसाधारण दर 15 टक्के आहे, परंतु खरेदीच्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाल्यास तो निम्मा लागतो. आपले यंत्र या वर्षात 107 दिवसच चालले, म्हणून 7.5 टक्क्यांनी 4,500 रुपये घसारा होतो. घसारा खाते नावे, यंत्र खाते जमा. ताळेबंदात यंत्र 55,500 रुपयांना दिसेल.

उरलेल्या तीन नोंदी लहान आहेत. भाडे अकरा महिन्यांचेच लिहिले आहे. मार्चचे 8,000 रुपये एप्रिलमध्ये दिले असले, तरी जागा मार्चमध्ये वापरली, म्हणून भाडे खाते नावे, देणे भाडे खाते जमा. विम्याचा 12,000 रुपयांचा हप्ता 1 ऑक्टोबरपासून वर्षभराचा आहे, त्यातले 6,000 पुढच्या वर्षाचे आहेत, म्हणून आगाऊ विमा खाते नावे, विमा खाते जमा. आणि घरात वापरलेला मसाला, जो बहुतेक घरगुती व्यवसायांत वहीत येतच नाही, तो आपण प्रामाणिकपणे कळवला आहे. त्याच्या पडलेल्या किमतीइतके, म्हणजे 3,500 रुपये, उचल खाते (मालकाने घरासाठी घेतलेल्या रकमेचे खाते) नावे आणि खरेदी खाते जमा करावेत.

आता हिशेब पुन्हा मांडा. 30,000 रुपयांच्या तोट्यात शिल्लक माल, यंत्र, आगाऊ विमा आणि घरी नेलेला मसाला यांचे 2,09,500 रुपये मिळवा, घसारा आणि देणे भाडे यांचे 12,500 वजा करा. आपल्याला पहिल्याच वर्षी 1,67,000 रुपये नफा झाला आहे. पैसा मिरचीच्या पोत्यांत आणि यंत्रात आहे, बुडालेला नाही.

प्रश्न : माझे किराणा दुकान आहे. 31 मार्चला माझ्या वहीत बँकेची शिल्लक 48,600 आणि पासबुकात 60,850 रुपये होती. फरकाचे 12,250 रुपये बँक खाते नावे, उचंत खाते (कारण न कळलेल्या रकमेचे तात्पुरते खाते) जमा असे लिहून शिल्लक जुळवली. हे चालेल का? (एक वाचक, वाई)

उत्तर : चालणार नाही, आणि ही सवय मोडावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. आधी तीच नोंद उलटी करून उचंत खाते मिटवा, मग बँक जुळवणी पत्रक तयार करा. घाऊक व्यापाऱ्याला 29 मार्चला दिलेला 18,000 रुपयांचा धनादेश बँकेत वटायचा होता, म्हणून पासबुक तेवढ्याने जास्त दाखवत होते. 31 मार्चला क्यूआर कोडवरून आलेले 5,400 रुपये खात्यात 1 एप्रिलला जमा झाले. या दोन्ही फरकांसाठी वहीत कोणतीही नोंद करायची नाही, ते केवळ वेळेचे फरक आहेत. बँकेने कापलेले 350 रुपये मात्र वहीत नाहीत, त्यांची नोंद बँक शुल्क खाते नावे, बँक खाते जमा अशी करावी. वहीतील खरी शिल्लक 48,250 रुपये राहते.

गल्ल्याजवळचा दुसरा क्यूआर कोड मुलाच्या खात्याशी जोडलेला आहे, असे आपण लिहिता. त्या खात्यात आलेली रक्कमसुद्धा दुकानाचीच विक्री आहे. ती विक्री खाते जमा आणि, पैसे घरी राहिल्यामुळे, उचल खाते नावे लिहावी. तो कोड शक्य तितक्या लवकर काढून टाकलेला बरा.

प्रश्न : मार्चची 6,500 रुपये मजुरी मी 31 मार्चला देणे मजुरी म्हणून लिहिली होती. एप्रिलमध्ये ती दिली तेव्हा पुन्हा मजुरी खाते नावे लिहिले. आता ती ओळ खोडावी का? (एक शिवणकाम व्यावसायिक, नाशिक)

उत्तर : खोडू नये, त्यावर पांढरी शाईही लावू नये. चूक ज्या दिवशी लक्षात आली त्या तारखेला देणे मजुरी खाते नावे, मजुरी खाते जमा, 6,500 रुपये, अशी नोंद करावी आणि खाली तपशिलात मूळ नोंदीची तारीख व पान लिहावे. तसे न केल्यास एकच मजुरी दोन वर्षांच्या खर्चात धरली जाईल, आणि दिलेले पैसे ताळेबंदात देणे म्हणून तसेच राहतील.