सामाजिक नवोपक्रमांना राज्य सरकार आणि महापालिका प्रोत्साहन कसं देऊ शकतात?

तुम्ही विचारलंय की समाजाचे प्रश्न नव्या पद्धतीने सोडवणाऱ्या अशा प्रयोगांसाठी सरकारने आणि स्थानिक संस्थांनी नेमकं काय करावं. माझ्या मते स्पर्धा, पुरस्कार, नव्या उपक्रमांना जागा आणि मार्गदर्शन देणारं इन्क्युबेशन सेंटर हे सगळं नंतरचं. गावात जे लोक आधीपासून काम करतायत त्यांना आधी मान्यता द्या, पक्का करार द्या आणि तो दर वर्षी टांगणीला लावू नका.

मी पुण्यात राहते, म्हणून इथलंच उदाहरण देते. 1993 साली डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तोवर कुंडीतून भंगार वेचणाऱ्या बायकांना कुणीही चोर ठरवायचं आणि पोलिसांनी हटकलं तर दाखवायला हातात काही नसायचं. पुढे संघटनेच्या ओळखपत्राला महापालिकेने मान्यता दिली. या निर्णयाला पैसा जवळपास लागलाच नाही, पण बाईला रस्त्यावर ताठ मानेने उभं राहता आलं. मला तर पुढच्या सगळ्या योजनांपेक्षा हे ओळखपत्र मोठं वाटतं.

2008 मध्ये कचरावेचकांच्याच मालकीच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी महापालिकेने दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. घरटी महिन्याचं शुल्क थेट कचरावेचकाला मिळतं, सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून येणारा पैसाही तिचाच. आमच्याकडे येणाऱ्या ताई जिन्याखालीच पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या वेगवेगळ्या करतात. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, हा आग्रहही ‘स्वच्छ’चाच. रोज ज्यांचे हात त्या कचऱ्यात जातात त्यांची अडचण त्यामागे आहे, म्हणून तो इतका साधा आणि नेमका आहे.

आणि तरीही 2013 साली पहिला करार संपल्यावर नवा व्हायला 2016 उजाडलं. अशा मधल्या काळात संस्थेने माणसं घ्यायची की थांबायचं? नवं काही करून बघायला उद्याची खात्री लागते.

राज्य सरकार याहून मोठी गोष्ट करू शकतं: चाललेल्या प्रयोगामागे कायदा आणि हक्काचा निधी उभा करणं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 साली तासगाव तालुक्यात ‘मागेल त्याला काम’चा छोटा प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळात तो रोजगार हमी योजना म्हणून राज्यभर पसरला, 1977 मध्ये या योजनेचा कायदा झाला. पैशासाठी व्यवसाय कर लावला आणि सरकारनेही तेवढीच भर घातली. 2005 चा केंद्राचा रोजगार हमी कायदा याच वाटेने आला.

तुम्ही नगरपालिकेत असाल किंवा नगरसेवकाला पटवून देणार असाल, तर आधी निविदेच्या अटी वाचा. अमुक कोटींची उलाढाल, मोठी अनामत रक्कम, स्वतःची वाहनं अशा अटी घातल्या की बचत गट आणि कामगारांच्या सहकारी संस्था तिथेच बाद होतात. त्या अटी बदलायचा अधिकार बऱ्याचदा सर्वसाधारण सभेला आणि आयुक्तांना किंवा मुख्याधिकाऱ्यांना असतो, त्यासाठी मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत. निदान एका प्रभागाचं काम तरी या अटी शिथिल करून पाच वर्षांसाठी द्या.