पहिल्यांदाच होस्टेलला चाललो, युनिव्हर्सिटीतला दवाखाना न काउन्सेलर कामाचा असते का? घरी कळते का?

भाऊ, तू तीन गोष्टी विचारल्या, अशी सोय खरंच असते का, पैसे लागते का, आणि काउन्सेलरकडे गेलं तर घरी कळते का. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली, अमरावतीला होस्टेलला राहून शिकली, आता तालुक्याच्या एका कॉलेजात पोरापोरींचंच काम पाहते. तिसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याच्यापायीच कितीतरी पोट्टे दारापर्यंत जाऊन वापस येतात.

घरी कळत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे, त्यात मानसोपचार करणाऱ्याने पेशंटची माहिती गुप्त ठेवायची असं साफ लिहिलेलं आहे, आणि शिकलेला काउन्सेलर तोच नियम पाळते. मार्कशीटवर, टीसीवर काही येत नाही. जिवाला धोका आहे असं दिसलं, तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या, तर मात्र ते कोणाला तरी सांगतील, आणि सांगायलाच पाहिजे. वय १८ च्या आत असेल तर आईवडलांना विचारात घ्यावं लागते. पहिल्याच भेटीत सरळ विचारून घे, मॅडम हे कोणाकोणाला कळेल? विचारल्याचा राग कोणी मानत नाही.

पैशाचं थोडक्यात, कॅम्पसवरचं आरोग्य केंद्र न काउन्सेलर यांचे वेगळे पैसे सहसा लागत नाही, ते फीमध्येच धरलेलं असते. फीच्या पावतीवर आरोग्य, विद्यार्थी विमा असं काही लिहिलेलं दिसलं तर ती पावती फेकू नको, अ‍ॅक्सिडेंट वगैरे झाला तर कामी पडते.

आता उपयोगाचं. आपल्याकडचं पोट्टं 'मला टेन्शन आलं' असं म्हणत नाही. ते म्हणते डोकं जड राहते, पोटात जळजळ होते, छातीत धडधड होते, जेवण जात नाही, रात्रीचे दोन वाजले तरी डोळा लागत नाही. मग मेडिकलमधून अ‍ॅसिडिटीची गोळी, डोकेदुखीची गोळी, आणि महिना तसाच निघून जाते. म्हणून मी पोरांना सांगते की काउन्सेलरच्या दारात जायची लाज वाटत असेल तर आधी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडे जा, जे दुखते तेच सांग, झोपेचंही सांग. डॉक्टर बीपी पाहील, रक्त तपासेल, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉइड असला तरी असंच गळून गेल्यासारखं होते, आणि तपासण्या चांगल्या आल्या तर तोच काउन्सेलरकडे पाठवेल.

काउन्सेलरकडे होते काय, तर पाऊण एक तास बोलणं. झोप, जेवण, घर, अभ्यास, मित्र, सगळं विचारतात, भाषण देत नाहीत. एका भेटीत सुटत नाही, चारपाच वेळा जावं लागते, आणि एका काउन्सेलरशी नाही जमलं तर दुसरा मागायचा. गोळ्या काउन्सेलर देत नाही, त्या मानसोपचार तज्ज्ञ देतो. उदासीच्या गोळ्या चालू झाल्या तर फरक पडायला दोन ते चार हप्ते जातात, मधातच आपल्या मनाने बंद नाही करायच्या.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. खेड्यातून आलेली पोरं घरचं सगळं डोक्यात घेऊन येतात. सोयाबीन पिवळं पडलं, कापसाला भाव नाही, बँकेचं कर्ज बाकी, आणि बाप फोनवर म्हणते तू फक्त अभ्यास कर. मग पोरगं मेसचा एक टाइम बंद करून पैसे वाचवते न घरी सांगते सगळं बरं आहे. हे पोरगं काउन्सेलरकडे गेलं तर कर्ज फिटत नाही हे खरं आहे, पण तिथं कोणीतरी विचारते तरी की तू जेवतो का बाबा. आणि चांगला काउन्सेलर तिथंच थांबत नाही, विद्यार्थी विकास विभागात पाठवते, तिथं 'कमवा व शिका' योजना असते, शेतकऱ्याच्या पोरांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी एससीला स्वाधार न एसटीला स्वयंम योजना आहे, प्रत्येकाच्या अटी वेगळ्या आहेत पण तिथले लोक समजावून सांगतात. आणि बापाचीच काळजी वाटत असेल, तो गप्प गप्प राहतो, जेवत नाही असं आई सांगत असेल, तर गावातल्या आशा ताईला सांग. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत सरकारने शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प २०१५ मध्येच सुरू केला, जिल्हा रुग्णालयातही मनोविकाराची ओपीडी असते.

तुझ्या कॅम्पसवर काउन्सेलरच नसेल तर? खूप ठिकाणी खोलीला पाटी असते न आत कोणी नसते, हे मी पाहिलं आहे. पण सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे की १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं निदान एक शिकलेला काउन्सेलर, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता पाहिजेच, आणि टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, नंबर होस्टेलमध्ये, वर्गात दिसेल असा लावायचा. तर दोघंचौघं मिळून लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या. तोपर्यंत टेलिमानस आहेच, १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येते. रात्री जीव नकोसा वाटला तर सकाळची वाट नको पाहू, लगेच लाव, आणि रूमपार्टनरला उठव. रॅगिंगचा त्रास असेल तर १८००-१८०-५५२२.

शरीराच्या दोन गोष्टी राहिल्या. होस्टेलात टॉवेल, कपडे एकमेकांचे वापरून गजकर्ण लय पसरते, तेव्हा मेडिकलवाल्याने दिलेली मिक्स क्रीम लावू नको, त्यात स्टिरॉइड असते, चार दिवस खाज थांबते न मग जास्त पसरते, आरोग्य केंद्रात दाखव. आणि सिकलसेल, म्हणजे आईवडलांकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे लय आहे आणि बाकी विदर्भातही आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, नसेल झाली तर जायच्या आधीच गावच्या पीएचसीत करून घे. आजार असेल तर सिकलसेलच्या कार्डाची झेरॉक्स आरोग्य केंद्रात पहिल्याच हप्त्यात दे, वॉर्डनलाही सांग, पाण्याची बाटली सोबत ठेव, कारण रात्री हातपाय दुखायला लागले तर सोबतच्यांना माहीत पाहिजे की हे नाटक नाही, याला दवाखान्यात न्यायचं आहे.

कोणत्या युनिव्हर्सिटीत चालला ते तू लिहिलं नाही. अमरावतीला असशील तर खाली लिही, आरोग्य केंद्र कुठं, बस कुठून भेटते ते सांगते.