कानापुढचं जन्मजात छिद्र : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाळाच्या उजव्या कानापुढे जन्मापासून टाचणीच्या टोकाएवढं छिद्र आहे. त्रास काही नाही. बुजवून घ्यावं का? (कळंबा)

उत्तर : नको. फक्त ते दाबू नका आणि बाळाच्या ऐकण्याची तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

प्रश्न : ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली म्हणून हे झालं, असं सासूबाई म्हणतात. (इचलकरंजी)

उत्तर : ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास सहा छोट्या उंचवट्यांतून कान घडतो. ते नीट जुळले नाहीत की असं छिद्र राहतं. कित्येक घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या दिसतं. सासूबाईंनी आधी स्वतःच्या मुलाचे कान पाहावेत आणि सुनेला बोल लावणं थांबवावं. घरात कुणाला बहिरेपणा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर तो डॉक्टरांना जरूर सांगा.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची. छिद्र तिसऱ्यांदा पिकलंय. दरवेळी चिरा देऊन पू काढतात. शेजारी हळद-तुरटीचा लेप सांगतात. ऑपरेशन लगेच करावं का? (कागल)

उत्तर : लगेच नाही, पण आता टाळूही नका. लेपाने छिद्राचं तोंड बुजतं आणि पू आतच कोंडतो. आधी अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा. पू साचलाच असेल तर शक्यतो सुईने ओढून काढतात, तेवढ्याने भागलं नाही तर छोटा चिरा. तो पू तपासणीला पाठवा, म्हणजे कोणतं औषध लागू पडेल ते कळतं.

सूज पूर्ण ओसरली, की काही आठवड्यांनी ऑपरेशन. वरून भोक एवढंसं दिसतं, पण आत त्याची नळी असते आणि तिला फांद्या असू शकतात. दाबल्यावर येणारा पांढरा, वास मारणारा लगदा त्या नळीतलाच. ती कानाच्या कूर्चेला चिकटलेली असते, म्हणून कूर्चेचा पातळ तुकडाही सोबत काढावा लागतो. सुजलेल्या भागात कापलं, तर नळीचा अंश मागे राहतो आणि दुखणं उलटतं.

माझा जीव तुटतो तो पुढच्या गोष्टीने. ठणका थांबला की आईवडील येईनासे होतात. परीक्षा होऊ दे, दिवाळी होऊ दे, असं करत वर्ष जातं. प्रत्येक वेळी पिकल्यावर व्रण वाढतो आणि ऑपरेशन अवघड होतं. सूज उतरली त्याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञाला भेटून तारीख ठरवा. खर्चाची अडचण असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवा.

प्रश्न : 'बिनटाक्याचं, कायमचं बरं' अशी जाहिरात पाहिली. जावं का? (गडहिंग्लज)

उत्तर : पूर्ण नळी काढणार का, एवढंच विचारा. उत्तर गोलमाल आलं तर पैसे भरू नका.

प्रश्न : माझं छिद्र कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याजवळ आहे. हेच का? (शाहूपुरी)

उत्तर : बहुधा नाही. त्या जागेची नळी चेहऱ्याच्या नसेला खेटून जाऊ शकते. तिथे कुणालाही चिरा देऊ देऊ नका. आधी तज्ज्ञाला दाखवा आणि त्यांनी सांगितलेलं स्कॅन करा.