प्राध्यापक लोक पैसे भरून बोगस जर्नलमध्ये पेपर का छापतात? हे थांबणार कसं?

मी पण असल्या जर्नलमध्ये, म्हणजे पैसे दिले की काहीही छापणाऱ्या संशोधनाच्या नियतकालिकात, पेपर छापलाय, म्हणून सांगतो. तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो, आठवड्याला १६ तास, वर नॅकच्या (कॉलेजला दर्जा देणारी संस्था) फायली आणि अधूनमधून इलेक्शन ड्युटी. २०१० ला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एपीआय नावाची गुणपद्धत आणली, म्हणजे प्रमोशन पाहिजे तर पॉइंट जमवा, पेपरला इतके, सेमिनारला इतके. आता पॉइंटच मोजायचे म्हटल्यावर पेपर वाचतंय कोण, आयएसएसएन नंबर दिसला की झालं (तो नंबर म्हणजे नियतकालिकाची नुसती ओळख, दर्जाशी काडीचा संबंध नाही). मग दुकानं निघणारच. माझा पेपर मेल केल्यापासून तिसऱ्या दिवशी छापून आला, सर्टिफिकेटसकट बाराशे रुपये. रिव्ह्यूमध्ये, म्हणजे छापण्याआधी तज्ज्ञाने तपासायचं असतं त्यात, एकच दुरुस्ती होती, फॉन्ट बदला. तो पेपर पूर्ण वाचलेला माणूस म्हणजे टायपिंगवाला पोरगा.

वरती हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. २०१७ ला यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नलची यादी काढली तर यादीतच बोगस घुसले. पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन सरांच्या टीमने त्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १००९ जर्नल तपासली, निकषात बसली फक्त ११२! २०१८ मध्ये यूजीसीने ४३०५ जर्नल उडवली, २०१९ ला चांगल्या जर्नलची नवी 'केअर' यादी आणली, तर लोकांनी त्यातल्या जर्नलच्या नावाने डुप्लिकेट वेबसाइट काढल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही यादी बंद, आता जर्नल चांगलं की वाईट ते कॉलेज-विद्यापीठांनीच ठरवायचं.

माझं मत विचाराल तर याद्यांनी हे सुटत नाही, मोजणं बंद केलं पाहिजे. २०२२ ला पीएचडीसाठी पेपर छापायची सक्ती काढली ते बरं झालं, तसंच प्रमोशनचं करा. सांगा की तुझे आजवरचे चांगले तीन पेपर घेऊन ये, त्या विषयातला बाहेरचा माणूस ते वाचेल आणि समोर बसवून तासभर विचारेल. वेळखाऊ आहे, कबूल, पण बाराशेवाला पेपर तिथे पाच मिनिटं टिकणार नाही. आणि ज्याला नुसतं शिकवायचंय त्याला शिकवण्यावर प्रमोशन द्या ना, संशोधनाचं सोंग कशाला करायला लावता?

आमच्याकडे एक मॅडम आहेत, त्यांच्या तासाला दुसऱ्या विषयाची पोरं येऊन मागे उभी राहतात. पेपर एकही नाही. त्यांची फाईल अडकलीय, माझी त्या फॉन्टवाल्या पेपरवर पास झाली.