अल-अहसाला येतोयस तर

अरे, सौदीत अल-अहसाच्या कामावर पहिल्यांदाच येतोयस, म्हणून आधीच सांगतो. इथे डासांपेक्षा वाळूमाशीला जप. जेमतेम 2-3 मिलिमीटरची, आवाज न करणारी. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून सहज आत येते; बारीक विणीची, परमेथ्रिन हे कीटकनाशक लावलेलीच घे. उडण्यात ती कमजोर, म्हणून झोपताना पंखा जोरात ठेव. अंधार पडला की पूर्ण बाह्या, पायात मोजे.

खाट कुठे टाकतोस तेही बघ. खारट पानांच्या झुडपाखाली बिळं आणि तोंडाशी कुरतडलेल्या काड्या दिसल्या, की तिथून लांब हो. त्यातला गुबगुबीत वाळवंटी उंदीर दिवसाही बाहेर बसलेला दिसेल. लेशमॅनिया हा कातडीवर फोड आणणारा परजीवी त्याच्या अंगात राहतो, वाळूमाशी त्याच्याच बिळाच्या ओलाव्यात वाढते आणि चावून तो आपल्या अंगात सोडते.

चावा उन्हाळ्यात, फोड मात्र काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. माझ्या मनगटावर आधी पुटकुळी आली, मग कडा उचलल्या, मध्ये खपली. दुखत नव्हतं म्हणून अंगावर काढलं. वण अजून आहे. तू तसं करू नकोस. सुट्टीत गावी गेल्यावर फोड उठला, तर डॉक्टरांना 'वाळवंटात होतो' हे पहिलं सांग. नाहीतर साधं गळू समजून औषध देत बसतील.