माझा आणि शेजाऱ्यांचा आयपी सेम कसा काय?
तुमच्या मोबाईलवर आयपी (म्हणजे नेटवर्कवरचा डिव्हाइसचा पत्ता) १९२.१६८.१.५ दिसतोय आणि शेजारच्या काकांच्या लॅपटॉपवरपण तोच, तरी दोघांचं नेट नीट चालतंय, हे कसं, असं विचारलंय ना. तर तो प्रायव्हेट आयपी आहे, म्हणजे फक्त आपापल्या घरच्या नेटवर्कपुरता. फ्लॅट नंबरसारखं समजा, १०१ नंबरचा फ्लॅट प्रत्येक सोसायटीत असतो, त्याने काही बिघडत नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे नंबर १९९४ पासून अशा घरच्या-ऑफिसच्या वापरासाठी राखून ठेवलेत, बाहेर इंटरनेटवर ते चालतच नाहीत.

बाहेर जाताना राउटर तुमचा नंबर काढून स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेर इंटरनेटवर चालणारा) लावतो आणि कुठल्या डिव्हाइसने कुठल्या पोर्टवरून (म्हणजे कनेक्शन ओळखायच्या नंबरवरून) काय मागवलं ते टेबलमधे लिहून ठेवतो, मग उत्तर आलं की टेबल बघून बरोबर तुमच्याच मोबाईलकडे पाठवतो. यालाच नॅट म्हणतात, आणि मला तरी ही आयडिया फार भारी वाटते, कारण आयपीव्ही४ मधे (अशा चार आकड्यांच्या पत्त्यांच्या पद्धतीत) सगळे मिळून जेमतेम ४३० कोटी पत्ते, प्रत्येक मोबाईल-टीव्हीला वेगळा द्यायचा म्हटलं तर पुरणारच नाहीत.

फक्त तुमच्याच घरात दोन डिव्हाइसना सेम आयपी आला तर मात्र नेट अडखळतं. तेव्हा हाताने टाकलेला आयपी काढून ऑटोमॅटिक करा, राउटर स्वतः वेगवेगळे वाटतो.